ब्लॅकबर्नचा मालक कोण?

१९ नोव्हेंबर २०१० रोजी पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने उत्तर इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला. आपल्याकडे ‘वेंकीज’ या नावाने ज्यांची कोंबडी आणि अंडी विकली जातात, तेच हे लोक. किंमत ठरली २ कोटी ३० लाख पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १६५ कोटी रुपये. क्लबच्या डोक्यावरचं कर्ज वेगळं. तेही नव्या मालकांनी अंगावर घेतलं. प्रीमियर लीगमधल्या क्लबची मालकी भारतीय कंपनीकडे जाण्याची ही पहिलीच वेळ. इथल्या वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक केलं आणि ते साहजिकही होतं.

या व्यवहारात पुण्याच्या हाती काय काय आलं, त्याची यादी करून पाहू. क्लब चालवणाऱ्या कंपनीचे ९९.९ टक्के समभाग. त्यांच्यासोबत इवुड पार्क हे एकतीस हजार आसनांचं मैदान, गावाबाहेर ब्रॉकहॉल इथलं सरावकेंद्र, खेळाडूंशी केलेले करार आणि प्रीमियर लीगच्या वीस जागांपैकी एक जागा. या जागेइतकं मोलाचं दुसरं काही नाही, कारण टीव्ही प्रक्षेपणाचे पैसे तिच्यामुळे मिळतात. तिच्याइतकं बेभरवशाचंही काही नाही, कारण दर मे महिन्यात तळाच्या तीन संघांना आपली जागा सोडून खालच्या श्रेणीत जावं लागतं. दुसऱ्या बाजूला पगार, बँकेचे हप्ते, आणि इतर क्लबांकडून हप्त्यांवर घेतलेल्या खेळाडूंची थकबाकी. लाभांशाची ओळ या यादीत कुठेच नाही. समभाग घ्यायचे ते नफ्याच्या आशेने, हा बाजाराचा साधा नियम. फुटबॉल क्लबाचे समभाग घेणारा मात्र बहुतेक वेळा दरवर्षी खिशातून पैसे घालण्याची जबाबदारी विकत घेत असतो. हे मालक बदलले म्हणून होत नाही. हा धंदा जन्मापासूनच तसा आहे.

ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचं गाव. लँकेशरच्या या पट्ट्यातलं सुती कापड पिढ्यान्‌पिढ्या जहाजांनी आपल्या बंदरांत उतरत होतं. ब्लॅकबर्नचे माग तर खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरं विणायचे. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेलेले गांधीजी मुद्दाम या भागात आले होते. ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेनमध्ये राहून त्यांनी विदेशी कापडावरच्या बहिष्कारामुळे काम गेलेल्या गिरणीकामगारांची भेट घेतली. ज्या गावाचा पैसा एके काळी हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकांच्या खिशातून येत होता, त्या गावाच्या फुटबॉल संघाचा पगार आता पुण्यातून जातो, ही गोष्ट मला या व्यवहाराच्या रकमेपेक्षाही मोठी वाटते.

आज फुटबॉलमध्ये पैसा वाहताना दिसतो, त्याचा उगमही याच परिसरातला. रोव्हर्सची स्थापना १८७५ची. त्या काळी इंग्लंडमधलं फुटबॉल बड्या घरच्या मुलांच्या शाळांकडे होतं, आणि खेळण्यासाठी पैसे घेणं हलकेपणाचं मानलं जाई. डार्वेन आणि ब्लॅकबर्नच्या क्लबांनी स्कॉटलंडमधून चांगले खेळाडू आणायला सुरुवात केली. कागदोपत्री त्यांना गिरणीत किंवा दुकानात नोकरी असायची आणि खेळाचे पैसे हळूच हातात पडायचे. फर्गस सूटर हे त्यांतलं गाजलेलं नाव. तो आधी डार्वेनकडून आणि मग रोव्हर्सकडून खेळला. १८८३ साली याच गावच्या ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामकरी मंडळींच्या संघाने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला हरवून एफए कप जिंकला. पुढची तीन वर्षं, १८८४ ते १८८६, तो कप रोव्हर्सकडे राहिला. १८८५ मध्ये फुटबॉल असोसिएशन या संघटनेने नमतं घेतलं आणि खेळाडूंना उघड पगार देणं नियमात बसलं. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्या बारा संस्थापक क्लबांत रोव्हर्स होता.

पगार सुरू झाले, प्रेक्षकांसाठी सज्जे बांधावे लागले आणि कर्जं आली. तोवर क्लब म्हणजे काही मित्रांची मंडळी. तिने घेतलेल्या कर्जाला कार्यकारिणीतली माणसं व्यक्तिशः जबाबदार असत. संघ हरला आणि गर्दी आटली तर घरादारावर जप्ती येण्याची भीती. म्हणून १८९०च्या दशकात बहुतेक क्लबांनी मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या काढल्या. गावातले दुकानदार, पब चालवणारे, गिरणीमालक, क्वचित कामगारही, असे सगळे एकेक दोन-दोन समभाग घेत. फुटबॉल असोसिएशनला तेव्हाच धोका दिसला असावा. तिने नियम केला की भागधारकाला वर्षाला ५ टक्क्यांहून जास्त लाभांश देता येणार नाही. संचालकांनी पगार घ्यायचा नाही. क्लब बंद पडलाच तर देणी भागवून उरलेली मालमत्ता भागधारकांनी वाटून न घेता खेळाच्या किंवा धर्मादाय कामाला द्यायची. कंपनीचा अंगरखा चढवला तरी आत सार्वजनिक संस्था राहावी, असा हा बंदोबस्त होता.

कोल्हापूरच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. तिथले फुटबॉल संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम असो की शिवाजी तरुण मंडळ, तिथे कुणाकडे समभागांचं प्रमाणपत्र नाही. वर्गणी, देणग्या आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी यांवर हंगाम निघतो. तालीम कुणाची, असं विचारलं तर उत्तरात पेठेचं नाव येतं. इंग्लंडमध्येही सुरुवातीला उत्तर असंच होतं. पुढे भावना गावाकडेच राहिली आणि कायद्याने मालकी कंपनीकडे गेली. आजची बहुतेक भांडणं या फारकतीतून आलेली आहेत.

लाभांशाच्या बंधनाला बगल कशी द्यायची, हे १९८३ मध्ये टॉटनहॅमने दाखवलं. वर एक नवी कंपनी काढायची, क्लबाचे समभाग तिच्या नावावर करायचे आणि ती कंपनी शेअर बाजारात उतरवायची. नियम क्लबाला लागू. वरच्या कंपनीला कोण अडवणार? मँचेस्टर युनायटेड १९९१ मध्ये बाजारात आली आणि मग बऱ्याच जणांनी तोच रस्ता धरला. जुना नियम कागदावर उरला.

ब्लॅकबर्नला याच सुमारास निराळ्या प्रकारचा मालक लाभला. जॅक वॉकर हा इथलाच. वडिलांचा पत्र्याचा छोटा धंदा त्याने पोलादाच्या मोठ्या व्यवसायात नेला आणि तो ब्रिटिश स्टीलला सुमारे ३३ कोटी पौंडांना विकला. लहानपणापासून रोव्हर्सचा भक्त असलेल्या या माणसाने १९९१ मध्ये क्लब ताब्यात घेतला. तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत रखडलेला होता आणि इवुड पार्कची अवस्था पडक्या वाड्यासारखी होती. वॉकरने तीन बाजूंचे सज्जे नव्याने बांधले, केनी डॅलग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं आणि १९९२ मध्ये ॲलन शिअररला त्या वेळची विक्रमी किंमत मोजून घेतलं. दोन वर्षांनी ख्रिस सटन आला. लाखभर वस्तीच्या गावातला संघ मँचेस्टर युनायटेडला भिडू लागला.

१४ मे १९९५ हा हंगामाचा शेवटचा दिवस. रोव्हर्स ॲनफिल्डवर लिव्हरपूलकडून हरले. पण त्याच वेळी युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखलं आणि ८९ विरुद्ध ८८ अशा एका गुणाने प्रीमियर लीगचं विजेतेपद ब्लॅकबर्नला मिळालं. त्याआधी रोव्हर्स लीग विजेते झाले होते ते पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षी, १९१४ मध्ये.

वॉकरचा पुतळा आज मैदानाबाहेर आहे, आणि तो असायलाच हवा. पण पैशाच्या नजरेने पाहिलं तर त्याने क्लबाला जिंकवलं, क्लबाला स्वतःच्या पायावर उभं केलं नाही. तिकिटं, जाहिराती आणि टीव्ही यांतून इतक्या छोट्या गावाला जेवढं मिळू शकतं, त्याच्या कितीतरी पुढचा खर्च तो घालत असलेल्या पैशावर चालत होता. शिअरर १९९६ मध्ये दीड कोटी पौंडांना, जागतिक विक्रमी किमतीला, न्यूकॅसलला गेला. १९९९ मध्ये संघ खाली घसरला. ऑगस्ट २००० मध्ये वॉकरचं निधन झालं. पुढच्याच वर्षी संघ वर आला, २००२ मध्ये लीग कप जिंकला. पण मालकी आता वॉकर कुटुंबाच्या विश्वस्त निधीकडे होती, आणि विश्वस्तांना शनिवारच्या सामन्याची ओढ असेलच असं नाही. त्यांनी हळूहळू हात आखडता घेतला आणि गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. अनेक जण येऊन हिशेब पाहून परत गेले. शेवटी पुणेकर आले.

व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी केली. भारतातल्या आधुनिक कुक्कुटपालनाचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९६ मध्ये ते गेल्यावर कन्या अनुराधा देसाई अध्यक्ष झाल्या. भाऊ व्यंकटेश आणि बालाजी राव त्यांच्यासोबत आहेत. क्लब विकत घेण्यामागचा व्यापारी हिशेब समजण्यासारखा होता. जगभर दिसणारी स्पर्धा, छातीवर किंवा फलकावर आपलं नाव, आणि किंमत तर एखाद्या चांगल्या खेळाडूइतकी. प्रीमियर लीगच्या तळाच्या क्लबालासुद्धा त्या काळी टीव्हीचे वर्षाला जवळपास ४ कोटी पौंड मिळत. म्हणजे एका वर्षाच्या टीव्हीच्या पैशापेक्षा क्लबाची किंमत कमी होती! असा सौदा स्वस्त वाटणारच. पण किंमत एवढी कमी का, याचं उत्तर त्या बेभरवशाच्या जागेत होतं. जागा गेली तर पैसा जातो आणि पगार राहतात.

खरेदीनंतर महिना व्हायच्या आत, १३ डिसेंबर २०१० रोजी, मॅनेजर सॅम ॲलरडाईसला काढण्यात आलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर, म्हणजे सुखरूप होता. प्रशिक्षकांपैकी स्टीव्ह कीन याला बढती मिळाली. फेब्रुवारी २०११ मध्ये अनेक वर्षं क्लब सांभाळणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स निघून गेले. माझ्या मते सगळ्यात महागात पडलेली गोष्ट हीच. ॲलरडाईसच्या खेळाबद्दल मतभेद असू शकतात. पण कमी पैशात प्रीमियर लीगमध्ये तग कसा धरायचा, कुणाला किती पगार द्यायचा, कुणाला कधी विकायचं, हे ज्ञान ताळेबंदात कुठेच लिहिलेलं नसतं. ते तीन-चार माणसांच्या डोक्यात असतं आणि ती माणसं गेली की जातं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये रोव्हर्सचा संघ पुण्यात आला, बालेवाडीत पुणे एफसीशी खेळला. तिकडे ब्लॅकबर्नमध्ये चाहते निदर्शनं करत होते. ७ मे २०१२ रोजी घरच्या मैदानावर विगनकडून हरून संघाची जागा गेली. त्या सामन्यात कुणीतरी क्लबाचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालकांच्या धंद्यावरचा हा राग जगाने टीव्हीवर पाहिला. महाराष्ट्रातला माणूस म्हणून मला ते दृश्य बोचलं, आणि त्यामागचा संतापही कळला.

पुढच्या हंगामात क्लबाने एकामागून एक मॅनेजर बदलले. हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला, मायकेल ॲपलटन ६७. बर्गने कराराच्या उरलेल्या पैशांसाठी न्यायालयात धाव घेतली आणि क्लबाला त्याला सुमारे २२ लाख ५० हजार पौंड द्यावे लागले. तो करार करणाऱ्या अधिकाऱ्याला मालकांनी तसा अधिकारच दिला नव्हता, असा मुद्दा क्लबाने त्या खटल्यात मांडायचा प्रयत्न केला होता. पुण्यात बसलेला मालक आणि लँकेशरमध्ये सही करणारा अधिकारी यांच्यात केवढी दरी पडली होती, ते यावरून दिसतं.

प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबाला काही वर्षं आधार म्हणून रक्कम मिळते. ती दरवर्षी घटते आणि मग बंद होते. ब्लॅकबर्नच्या वेळी ही मुदत चार वर्षांची होती. ती संपली की चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबाच्या हाती टीव्हीचे वर्षाला सुमारे ७० लाख पौंड उरत. वर जाण्याची आस मात्र सगळ्यांनाच. वर गेलं की एका फटक्यात कोट्यवधी, म्हणून प्रत्येक क्लब ऐपतीबाहेर पगार देतो. २०१७-१८च्या हंगामात चॅम्पियनशिपमधल्या क्लबांनी मिळून जेवढं कमावलं, त्याच्या १०६ टक्के रक्कम नुसत्या पगारात घातली. वीज, प्रवास, मैदानाची देखभाल याच्या पुढचं. हा खड्डा भरतो मालक. बंधनही आहे: तीन वर्षांत मिळून ३ कोटी ९० लाख पौंडांहून जास्त तोटा चालत नाही, आणि त्यातला १ कोटी ५० लाखांच्या पलीकडचा तोटा मालकाने उसने देऊन भागत नाही, भागभांडवल म्हणून घालावा लागतो. हे नियम येण्याआधीच्या व्यवस्थेतसुद्धा तोटा फार झाला म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये ब्लॅकबर्नवर खेळाडू खरेदीचे निर्बंध आले होते.

समभाग हा शब्द इथे काय काम करतो ते पाहण्यासारखं आहे. मालकाने कर्ज दिलं तर ते ताळेबंदात देणं म्हणून बसतं. उद्या त्याने क्लब विकायला काढला, तर ‘आधी माझे पैसे’ म्हणून उभा राहू शकतो. तोच पैसा नवे समभाग घेऊन घातला तर क्लबावर बोजा राहत नाही. पण ज्याच्याकडे आधीच जवळपास सगळे समभाग आहेत, त्याने आणखी घेतले म्हणून त्याची मालकी वाढत नाही. पैसे पगारात गेलेले असतात, हातात पावती उरते. वेंकीजने दोन्ही वाटांनी पैसा घातला आणि वेळोवेळी कर्जाचं रूपांतर समभागांत केलं. मूळ किंमत २ कोटी ३० लाख. त्यानंतर घातलेली रक्कम २० कोटी पौंडांच्या पुढे गेली. याच काळात संघ २०१७ मध्ये गोलफरकाने चॅम्पियनशिपमधूनही घसरला. प्रीमियर लीग जिंकल्यावर तिसऱ्या श्रेणीत गेलेला तो पहिला क्लब. मॅनेजर टोनी मॉब्रेने एका हंगामात पुन्हा वर आणलं, एवढाच दिलासा.

वेंकीजवर टीका करताना आजूबाजूचं लँकेशरही पाहायला हवं. शेजारच्या बर्नलीशी रोव्हर्सचं हाडवैर. २०२० च्या अखेरीस तो क्लब अमेरिकी मालकांनी घेतला. खरेदीच्या पैशातला एक भाग कर्जाचा होता, आणि ते कर्ज क्लबाच्याच माथी आलं. मँचेस्टर युनायटेडच्या बाबतीत ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये हेच मोठ्या प्रमाणात केलं: ७९ कोटी पौंडांच्या व्यवहारातला मोठा हिस्सा उसना, आणि व्याज क्लबाच्या तिजोरीतून. त्या संतापातून काही चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला. पुण्याच्या मालकांनी आपल्या खरेदीसाठी ब्लॅकबर्नला गहाण ठेवलं नाही. कारभार वाईट केला, पण पैसा काढून नेला नाही, घातला. चाहत्यांना हे ऐकायला आवडत नाही. तरी न्यायाने बोलायचं तर ते मांडायलाच हवं.

आणि मग बरी. ब्लॅकबर्नपासून तासाभराच्या आतलं गाव. १८८५चा क्लब, दोनदा एफए कप विजेता. मैदान गहाण पडलेलं, पगार थकलेले. डिसेंबर २०१८ मध्ये तो क्लब १ पौंडाला विकला गेला. एका पौंडाची किंमत म्हणजे काय, तर सगळी देणी घेणाऱ्याच्या गळ्यात. त्याच हंगामात खेळाडूंनी थकलेल्या पगारानिशी संघाला वरच्या श्रेणीत नेलं. पण नवा हंगाम खेळायला पैसे आहेत, याचा पुरावा मालकाला देता आला नाही, आणि २७ ऑगस्ट २०१९ रोजी बरीला लीगमधून काढून टाकण्यात आलं. १२५ वर्षं लीगमध्ये असलेला क्लब एका संध्याकाळी गेला. गावकऱ्यांनी पुढे मैदान परत मिळवलं आणि २०२३ पासून खालच्या पातळीवर बरी एफसी पुन्हा खेळू लागली.

क्लब बुडताना कुणाचं काय बुडतं, त्यालाही रीत आहे. लीगचा नियम असा की खेळाडू आणि इतर क्लब यांची देणी पूर्ण भागवायची, नाहीतर स्पर्धेत जागा नाही. बाकीच्यांना उरलंसुरलं. २०१० मध्ये पोर्टस्मथ हा प्रशासकाच्या ताब्यात जाणारा प्रीमियर लीगमधला पहिला क्लब ठरला. त्याच्याकडून पैसे येणं असलेल्यांत सामन्यांना प्रथमोपचार देणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. लाखोंचा पगार घेणाऱ्या खेळाडूला आधी आणि रुग्णसेवकांना नंतर, हा क्रम मला आजही अन्याय्य वाटतो. पुढे पोर्टस्मथ पुन्हा बुडाला, २०१३ मध्ये चाहत्यांच्या न्यासाने तो घेतला, देणी फेडली आणि २०१७ मध्ये मतदान करून एका धनिकाला विकला. स्वतःच्या मालकीने क्लब वाचतो, पण वरच्या श्रेणीत चढायला पुन्हा कुणाची तरी तिजोरी लागते, असं त्या चाहत्यांच्या बहुमताने ठरवलं. जर्मनीत नियमच असा आहे की काही अपवाद वगळता क्लबातली निम्म्याहून अधिक मतं सभासदांकडे राहिली पाहिजेत. इंग्लंडने तसं बंधन कधी घातलं नाही.

२०१० हे वर्ष आपल्यासाठीही लक्षात ठेवण्यासारखं. नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या कंपनीने ब्लॅकबर्न घेतलं, आणि त्याच वर्षी मुंबईत महिंद्र युनायटेड हा २००५-०६चा राष्ट्रीय लीग विजेता संघ त्याच्या कंपनीने बंद केला. पुढे पुणे एफसीही मिटला. २०१६ मध्ये गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. मालकाने हात काढला की संघ संपतो, हे आपण इतक्या वेळा पाहिलं आहे. ब्लॅकबर्नकरांना ज्या दिवसाची धास्ती वाटते, तो दिवस मुंबई-पुण्याच्या फुटबॉलवाल्यांनी खरोखर भोगला आहे.

ती धास्ती अलीकडे खरी होता होता राहिली. भारतातून परदेशी पाठवलेल्या पैशांबाबत अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी सुरू झाली आणि २०२३ पासून क्लबाला पैसे पाठवण्यासाठी समूहाला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. त्यासाठी बँक हमीची अट आली. लँकेशरमधल्या माळ्याचा आणि तिकीटखिडकीवरच्या बाईंचा पगार दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखेशी बांधला गेला. क्लबापुढे एकच मार्ग उरला, खेळाडू विकणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला गेला, सुरुवातीची रक्कम सुमारे १ कोटी ८० लाख पौंड. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, सहाव्या वर्षापासून क्लबाच्या अकादमीत वाढलेला, वीस वर्षांचाही न झालेला मुलगा. त्याच उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या युरो संघात होता. त्या हंगामात लीगमध्ये २७ गोल करून संघाला तारणारा सॅमी झमॉडिक्सही ऑगस्टमध्ये विकला गेला.

२०२५ मध्ये कात्री महिलांच्या संघावर चालली. एला टून आणि किरा वॉल्श या पुढे युरोप जिंकणाऱ्या खेळाडू तरुणपणी याच संघातून खेळल्या होत्या. दुसऱ्या श्रेणीत राहण्यासाठी संघटनेने सुविधा आणि कर्मचाऱ्यांच्या ज्या अटी घातल्या, त्यांचा खर्च करायला क्लब तयार झाला नाही आणि संघाने त्या श्रेणीतून माघार घेतली. पुरुषांच्या एखाद्या मध्यम खेळाडूवरच्या खर्चापुढे तो खर्च फार नसावा. इथे मालकांच्या बाजूने मला काहीच बोलता येत नाही.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉलच्या कारभाराचा नवा कायदा झाला. त्याने स्वतंत्र नियामक आला. क्लबांना परवाना घ्यावा लागणार, पैशाची तजवीज दाखवावी लागणार, नवा मालक पात्र आहे का ते तपासलं जाणार, आणि मैदान विकायचं किंवा बोधचिन्ह बदलायचं तर मालकाच्या एकट्याच्या मर्जीने चालणार नाही. चाहत्यांशी सल्लामसलत करणं बंधनकारक झालं. १८९०च्या दशकात फुटबॉल असोसिएशनने जे राखायचा प्रयत्न केला होता, त्यातला काही भाग सव्वाशे वर्षांनी संसदेला करावा लागला. बरीला हा कायदा उशिरा मिळाला. ब्लॅकबर्नला त्याचा उपयोग आहे, पण मर्यादित. इवुड पार्क परस्पर विकलं जाणार नाही; मालकांना पुढच्या वर्षांचा हिशेब मांडावा लागेल; गेली कित्येक वर्षं मैदानावर न दिसलेल्या मालकांशी बोलण्याची निदान एक वाट चाहत्यांना मिळेल. दरवर्षीचा खड्डा मात्र कायद्याने भरत नाही. उद्या राव कुटुंबाने समभाग विकायचं ठरवलं, तर घेणाऱ्याला त्यांची किंमत मोजणं जमेल. व्यवहार झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पगाराचे पैसे कुठून आणायचे, हे त्याला आधी ठरवून यावं लागेल.